सेकंड हँड

माधवनगर रोडवर गाडी घेतली,
एकाच हातची, अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललेली.
आरसी माझ्या नावावर झाली, विमा झाला,
बायकोने लिंबूमिरची बांधली.
तरी बटण दाबलं की पडदा उजळून म्हणायचा:
नमस्कार, पद्मजा.

मी उदय खराडे. मार्केट यार्डात हळदीची अडत,
वजन ब्याण्णव किलो.
गाडीला त्याचं काही नाही.
'घर' म्हटलं की ती विश्रामबागेतल्या
एका पिवळ्या फाटकाशी नेऊन उभी करते.
मंगळवारी सव्वासातला आपणहून विचारते:
मिरजेला निघायचं? रस्ता मोकळा आहे. एकवीस मिनिटं.

मिरजेत कुठे, ते मी पाहिलं.
पाहायला नको होतं.
केमोचा विभाग, मागचं गेट, एकोणीस फेऱ्या.
विसावा मंगळवार कोरा.
आणि दर वेळी परतताना, वाट वाकडी करून,
हरिपूर, संगमाच्या वरच्या अंगाला:
गाडी उभी, इंजिन चालू,
अकरा मिनिटं, चौदा मिनिटं,
एकदा पन्नास.

हे तिने घरी सांगितलं असेल?
मग मला का कळावं,
मी तर तिचा फोटोही पाहिलेला नाही.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं सौदे केले
रुमालाखाली बोटं धरून.
शेजारी खेटून उभ्या माणसाला भाव कळत नसे.
चेहरा असा, की पत्र्यावरची कबुतरं मोजतायत.
आणि मी अंकलीच्या पुलावर ब्रेक किती जोरात दाबला,
कुणाच्या गोदामासमोर किती वेळ थांबलो,
ते कुठल्या गावाला जातं, कोण वाचतं?
कराराची पानं एकशे बारा.
'मान्य' एवढंच मराठीत.

सर्व्हिसवाला पोरगा म्हणाला,
"जुनं नाव काढायचं तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार, काका."
म्हणून यार्डाच्या गेटबाहेर गाडी लावून मी फोन केला.

मगदूम सर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे.
माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"काल शिरढोणजवळ मागच्या टायरात हवा कमी होती.
भरलीत का?"

माझ्या मानेवर काहीतरी चाललं, मुंगीसारखं.

"रागावू नका. ॲप काढायचं राहिलं.
म्हणजे, राहिलं नाही.
रात्री उघडतो. ठिपका चालताना दिसला की वाटतं,
बाहेर आहे, येईल."

मी शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, पोलिसांचं नाव घेणार होतो.
"तुम्ही हरिपूरला जात नाही," ते म्हणाले.
तक्रार नव्हती त्यात.
"मी घरातून बघायचो. दर मंगळवारी. चहा ठेवायचो त्या अंदाजाने.
ठिपका तेवढा दिसायचा हो.
आत ती काय करायची, ते नाही दिसलं.
विचारलंही नाही. विचारलं असतं तर
मी बघतोय, हे तिला कळलं असतं."

मग ओटीपी आला.
सहा आकडे. त्यांनी एकेक वाचला,
हजेरी घ्यावी तसा, थांबून थांबून.
पाचव्यानंतर आवाज नाही.
मीही मागितला नाही.
बाहेर हमाल पोती उतरवत होते, काचेवर पिवळी धूळ बसत होती,
पलीकडे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

कुठेतरी नोंद पडली असेल:
गाडी उभी, इंजिन चालू, सात मिनिटं.

मुदत संपली, पडदा म्हणाला. पुन्हा पाठवू?

मी खिशातला रुमाल काढला
आणि त्याच्यावर टाकला.
कापडातून उजेड येतच राहिला.